एका कुलपाचे सात निबंध

सराव परीक्षेचा पेपर परत मिळाला तेव्हा निबंधाला शंभरापैकी ३८ गुण होते आणि समासात लाल शाईत एवढंच लिहिलं होतं: 'कोणाचाही असू शकतो.'

आधी राग आला. विषय होता 'मौनाचे सामर्थ्य'. सुरुवातीला सुभाषित, मग मौनाची व्याख्या, दोन थोर व्यक्तींचे दाखले, मग 'नाण्याची दुसरी बाजू', शेवटी चार ओळींची कविता. सगळं जागच्या जागी होतं. घरी येऊन मी सूडाच्या भरात एक उद्योग केला. 'मौन' जिथे जिथे आलं होतं तिथे पेन्सिलीने 'वाचन' लिहीत गेले. बघू म्हटलं, किती वाक्यं मोडतात. अकरा मोडली. बाकीचा पाच पानी निबंध वाचनालाही तसाच्या तसा बसत होता.

आत्याने तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलं. तिच्याकडे जायचं मी टाळत आले होते, कारण ती कौतुक करत नाही. आता टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी माझे आठ निबंध तिच्यापुढे ठेवले. तिने दोन वाचले, तिसऱ्याचा पहिला परिच्छेद वाचला आणि गठ्ठा बाजूला सरकवला. मग उठून खणातून एक पितळी कुलूप आणलं, किल्लीसकट, आणि टेबलावर ठेवलं.

"यावर लिही."

"कुठल्या प्रकारचा?"

"तुला किती येतात?"

मी पाठ असल्यासारखे सांगितले. वर्णनात्मक, प्रसंगपर, आत्मवृत्तात्मक, कल्पनाप्रधान, विवेचक, वैचारिक, ललित. "मग सगळे लिही," ती म्हणाली. मला वाटलं चेष्टा करते आहे. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की प्रकार विषयातच असतो. 'पावसाळ्यातील एक दिवस' आला की वर्णन, 'मी नदी बोलतेय' आलं की आत्मवृत्त, 'विज्ञान: शाप की वरदान' आलं की विचार. शिक्का बघायचा आणि त्या साच्यात ओतायचं. आत्याचं म्हणणं, एका कुलपाचं सात तऱ्हांनी काही करता आलं तरच प्रकार म्हणजे काय ते कळेल. या उद्योगात तीन महिने गेले.

वर्णनापासून सुरुवात केली, कारण ते सोपं वाटलं. पहिलं वाक्य मला अजून आठवतं: 'सोनेरी रंगाचे ते सुंदर, भक्कम कुलूप टेबलावर दिमाखात विराजमान होते.'

"दिमाखात म्हणजे कसं बसतं गं कुलूप?" आत्याने विचारलं. पहिल्या परिच्छेदात चौदा विशेषणं होती. ती सगळी खोडून उरलेलं मोठ्याने वाचायला लावलं. उरलं होतं, 'ते कुलूप टेबलावर होते.' म्हणजे चौदा शब्द खर्चून मी कुलपाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

मग तिने तासभर कुलूप समोर ठेवून नुसत्या नोंदी करायला सांगितलं. वाक्य करायचं नाही, फक्त दिसेल, ऐकू येईल, हाताला लागेल ते टिपायचं. रंग, आकार, वजन हे दहा मिनिटांत संपलं. पुढची वीस मिनिटं मी किल्ली फिरवत बसले. कंटाळा पुरता मुरल्यावर मग एकेक दिसायला लागलं. कडीचा एक पाय लांब आहे, दुसरा आखूड, आणि लांब पाय आत रुतलेला असतो म्हणून उघडल्यावरही कडी हातात येत नाही. कडीच्या आतल्या वळणावर घासून लकाकी आली आहे, बाहेरून ती काळवंडली आहे. बंद होतानाचा आवाज एक नाही, दोन आहेत. पहिला बारीक, दुसरा ठाम. धरल्यावर आधी गार लागतं, मग हाताइतकंच होतं, मग जाणवेनासं होतं. बोटांना पितळेचा वास राहतो. किल्लीच्या भोकाभोवती ओरखड्यांचं जाळं आहे, पण फक्त उजवीकडे.

सदतीस नोंदी झाल्या. मी सगळ्या वापरायला निघाले तर आत्याने थांबवलं. यातल्या कुठल्या नोंदी एकाच गोष्टीबद्दल बोलतात ते बघ म्हणाली. बघितलं तर बऱ्याच नोंदी वापराबद्दल होत्या, म्हणजे कुलपाइतक्याच ते हाताळणाऱ्या माणसाबद्दल. नऊ ठेवल्या, बाकीच्या सोडल्या. सोडताना जीव तुटला, विशेषतः त्या दोन आवाजांसाठी. शेवटी दुरून जवळ येत लिहिलं, आणि भोकापाशी थांबले: 'ओरखडे फक्त उजवीकडे आहेत. कोणीतरी वर्षानुवर्षं अंधारात हे भोक चाचपडत शोधलं आहे.' या ओळीला आत्याची पेन्सिल लागली नाही.

प्रसंगलेखन त्यामानाने लवकर जमलं. किल्ली घरात राहून मी बाहेर अडकले होते, तो दिवस घेतला. पहिल्या खर्ड्यात सकाळचा गजर, आंघोळ, घाई असं सगळं होतं; दारापर्यंत पोचायला चार परिच्छेद लागले. आत्याने 'खिशात हात घातला' या वाक्यापाशी आडवी रेघ मारली आणि वरचं सगळं काढून टाकलं. दुसरी गोष्ट मला स्वतःलाच कळली. दारात मी दोन तास बसून होते, पण त्यातलं सांगण्यासारखं दोन ओळींत मावत होतं. उलट, पिशवीचा एकेक कप्पा उलटा करतानाचं अर्धं मिनिट अर्धं पान मागत होतं. घड्याळाच्या वेळेचं आणि कागदावरच्या वेळेचं गणित वेगळं असतं, हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी गुणांच्या नादात ऐकलं नव्हतं, देव जाणे. 'या प्रसंगाने मला शिकवले की' ने सुरू होणारा शेवटचा परिच्छेद अर्थातच गेला.

आत्मवृत्तावर मी सगळ्यात जास्त अडले, आणि सगळ्यात जास्त मजाही तिथेच आली.

'मी कुलूप बोलतोय' हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलेलं आहे. कुलूप नसेल तर छत्री, फळा, जुनं पुस्तक, पडका किल्ला. सगळ्यांचं आयुष्य एकच. कारखान्यात किंवा निसर्गाच्या कुशीत जन्म, मग उमेदीचे दिवस, माणसांची सेवा, मग अडगळ, आणि 'ऐकशील ना माझी व्यथा?' असं म्हणून मौन. मीही तेच लिहिलं. माझं कुलूप देशभक्त होतं, पर्यावरणाची काळजी करत होतं आणि नव्या पिढीवर नाराज होतं.

आत्याने विचारलं, "याला हे सगळं कसं कळलं?"

"म्हणजे?"

"हे दाराला लटकतं. वर्तमानपत्र कधी वाचलं याने?"

मग तिने एक घरकाम दिलं. दोन रकाने करायचे, कुलपाला काय माहीत असेल आणि काय माहीत असणं शक्यच नाही. हा कागद मी चार दिवस घेऊन फिरले. बोटं माहीत असणार. कोणाचा हात थरथरतो, कोण दोनदा ओढून बघतं. ऊन, पाऊस, दारासमोरचा जिना माहीत असणार. आणि मग लक्षात आलं की घराचा आतला भाग कुलपाने पाहिलेलाच नाही. ते बाहेरून लागतं. बाहेर तोंड करून लटकतं. माणसं परत आली की ते निघतं आणि खिळ्यावर जातं. म्हणजे ज्या घराची ते राखण करतं, ते घर त्याच्या हिशेबी कायम रिकामं. माणसं असतात तेव्हा ते कामावर नसतं.

ही गोष्ट सापडल्यावर निबंध एका बैठकीत लिहून झाला. त्यात जन्म नव्हता, व्यथा नव्हती. कुलूप फक्त आतून येणाऱ्या आवाजांवरून अंदाज बांधत होतं: दार लोटल्यावर पहिलं कोण हसतं, दिव्याचं बटण किती पावलांवर असावं. आत्याने वाचून 'हं' केलं. तिचं 'हं' म्हणजे काय असतं ते माझ्या वडिलांना विचारा. त्यांना लहानपणापासून एवढंच मिळालं आहे.

कल्पनाप्रधान निबंधाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 'कुलपे नसती तर' मध्ये मी आधी चोऱ्या, गोंधळ, मग माणसांचा परस्परविश्वास आणि शेवटी स्वर्ग असं सगळं एकदम आणलं होतं. नियम एकच मिळाला. एक गोष्ट बदलायची, बाकी जग आहे तसंच ठेवायचं आणि त्या एका बदलाचा माग काढत जायचं. कुलपं नसती तर कोणीतरी सतत घरी थांबलं असतं. ते कोण थांबलं असतं? या प्रश्नावर निबंध आपसूक उभा राहिला, आणि उत्तर मला फारसं आवडलं नाही.

विवेचक निबंध म्हणजे समजावून सांगणं. मत नको, भावना नको, कुलूप चालतं कसं तेवढं सांग. हा प्रकार आपल्याकडे उगाच दुय्यम मानतात. मला तो सगळ्यात कठीण गेला, कारण इथे लपायला जागा नसते. माझा खर्डा आत्याने हातात कागद-पेन्सिल घेऊन वाचला आणि वाक्यागणिक ती चित्र काढत गेली. मी जेवढं सांगितलं तेवढंच, स्वतःच्या पदरचं काही न घालता. शेवटी जे तयार झालं ते कंगव्यासारखं दिसत होतं.

चुकलं होतं ते क्रमात. मी पिनांपासून सुरुवात केली होती, पण पिना कशाला अडवतात हेच वाचणाऱ्याला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या खेपेला असं लिहिलं: कुलपाच्या आत एक दंडगोल असतो. किल्ली त्यात जाते, तो फिरला की कुलूप उघडतं. त्याला फिरू न देणं हे पिनांचं काम. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची असते, एकावर एक ठेवलेली आणि वरून स्प्रिंगने दाबलेली. किल्ली नसताना वरचा तुकडा थोडा बाहेरच्या भागात आणि थोडा दंडगोलात असा अडकून बसतो, म्हणून दंडगोल जाम. किल्लीचे दाते प्रत्येक पिनेला हवं तेवढंच उचलतात. सगळ्या पिनांमधल्या फटी दंडगोलाच्या कडेशी एका रेषेत आल्या की त्याला अडवणारं काही राहत नाही. एक पिन केसभर वर किंवा खाली राहिली तरी किल्ली फिरत नाही.

या वेळी आत्याचं चित्र बरोबर आलं. प्राचीन इजिप्तमधली लाकडी कुलपं याच तत्त्वावर चालत आणि लायनस येल या अमेरिकनाने १८६१ मध्ये चपट्या किल्लीच्या अशा कुलपाचं पेटंट घेतलं, हे मी मोठ्या अभिमानाने सुरुवातीला टाकलं होतं. आत्याने ते शेवटी नेलं. यंत्र कळल्यावरच त्याच्या वयाचं नवल वाटतं म्हणाली. ते मला पटलं.

हे शोधता शोधताच वैचारिक निबंधाचा विषय हाताला लागला. लंडनमध्ये कुलपं बनवणाऱ्या जोसेफ ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप ठेवलेलं होतं आणि जो ते किल्लीशिवाय उघडेल त्याला २०० गिनींचं, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी सोन्याच्या नाण्यांचं, बक्षीस जाहीर केलेलं होतं. साठ वर्षं ते कोणाला उघडलं नाही. १८५१ मध्ये तिथे मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं तेव्हा आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप त्याने अर्ध्या तासाच्या आत उघडलं. मग ब्रामांच्या कुलपाला हात घातला आणि १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपून तेही उघडलं. त्यानंतर वाद पेटला की कुलपातले दोष असे चारचौघांत सांगावेत का? चोरांना आयतं शिक्षण नाही का मिळणार? हॉब्जच्या बाजूचं म्हणणं असं की चोरांना ते आधीच ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते घरमालकाला. संगणकाच्या सुरक्षेबद्दल आजही हाच वाद जवळपास याच शब्दांत चालतो.

पहिल्या खर्ड्यात मी इमानदारीत दोन्ही बाजू मांडल्या आणि शेवटी 'सुवर्णमध्य साधणे हीच काळाची गरज' असं लिहिलं. आत्या एवढंच म्हणाली, "बरं, मग सांगायचं की नाही?" मला उत्तर देता येईना. निबंध लिहून झाला होता आणि माझं मत काय ते मलाच माहीत नव्हतं! वैचारिक निबंधात विचार सोडून सगळं होतं.

दुसऱ्या खर्ड्याआधी मी माझं उत्तर एका वाक्यात लिहून भिंतीवर चिकटवलं: दोष सांगावा, आधी बनवणाऱ्याला, ठरावीक मुदत देऊन, आणि मुदतीत त्याने काही केलं नाही तर सगळ्यांना.

"हाही सुवर्णमध्यच की," आत्या म्हणाली.

इथे मी पहिल्यांदा तिच्याशी भांडले. म्हटलं, नाही. मुदत संपल्यावरही कुलपं बदलली गेली नसतील तर काही घरं फुटतील आणि तरीही सांगावं असं मी म्हणते आहे, त्याची जबाबदारी घेऊन म्हणते आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे आत्ता बोललीस ना, ते निबंधात कुठे आहे?" नव्हतं. ते घातलं. आणि विरुद्ध बाजूचा मुद्दा, गरीब माणूस रातोरात कुलूप बदलू शकत नाही हा, तिने मला तीनदा लिहायला लावला. त्या बाजूच्या माणसाने वाचून 'अगदी हेच म्हणायचं होतं मला' असं म्हणायला हवं, मगच तू त्याला उत्तर दे. माझी जुनी खोड अशी होती की विरोधकाला आधी बावळट करायचं आणि मग सहज पाडायचं.

थोर व्यक्तींच्या अवतरणांवर तिने सरसकट बंदी घातली होती. ही बंदी मला आजही थोडी जाचक वाटते. एखादं नेमकं अवतरण कधीकधी पानभराचं काम करतं. पण माझी अवतरणं तशी नव्हती, हे खरं.

राहिला ललित. मधल्या काळात मला शब्दाच्या मुळाशी जायचं वेड लागलं होतं. निबंध म्हणजे नीट बांधलेलं. संस्कृतात धर्मशास्त्रावरची मतं एकत्र करून रचलेल्या ग्रंथांनाही निबंध म्हणत. मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे रुजला, तो असा ठाशीव, बाजू लढवणारा. याउलट फ्रान्समध्ये माँतेन्य या लेखकाने १५८० साली आपल्या लेखांच्या पुस्तकाला 'एसे' हे जे नाव दिलं, त्याचा अर्थ 'प्रयत्न' किंवा 'चाचणी' असा होतो. म्हणजे एकाच लेखनप्रकाराला एका भाषेत 'बांधलेलं' म्हणतात आणि दुसरीत 'करून पाहिलेलं'. मी तोपर्यंत फक्त बांधत आले होते. ना. सी. फडक्यांनी १९३३ मध्ये आपल्या लघुनिबंधांच्या संग्रहाला 'गुजगोष्टी' हे नाव दिलं, ते मला या दुसऱ्या अर्थाच्या जास्त जवळचं वाटतं.

हे सगळं मी उत्साहाने आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "छान. आता लिही."

ललित निबंधाला आराखडा करायचा नाही, एवढीच सूचना होती. दोन आठवडे काही सुचलं नाही. मग एकदा बाहेर पडताना मी कुलूप लावून ते ओढून बघितलं. पुन्हा ओढलं. पुन्हा. आणि हात तसाच राहिला, कारण ही लकब माझी नव्हतीच. बाबा कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघतात. आम्ही लहानपणी त्यांची नक्कल करायचो. आईचा वैताग व्हायचा, कुठेही जायचं तर निघायलाच उशीर. त्यावरून मी लिहीत गेले. आपल्या हातात दुसऱ्यांचे किती हात असतात, कोणाची कुठली लकब आपण नकळत उचलतो, ज्या सवयींना हसलो त्याच कशा वारशाने येतात. कुलूप मधेच सुटून जायचं आणि फिरून परत यायचं. कुठे चाललंय ते मला माहीत नव्हतं आणि पहिल्यांदाच त्याची भीती वाटत नव्हती.

पुढच्या सराव परीक्षेत ६१ मिळाले. पहिली पंचवीस मिनिटं मी एक ओळही लिहिली नव्हती. पर्यवेक्षक दोनदा येऊन बघून गेले. दिलेल्या विषयाचं मला काय करायचं आहे ते कच्च्या पानावर ठरवत होते: दाखवायचंय, सांगायचंय, समजवायचंय, की पटवायचंय. मूळ परीक्षा अजून व्हायची आहे.

पण ललित निबंधाचं सांगायचं राहिलं. आत्याने तो नेहमीसारखा पेन्सिल घेऊन वाचायला घेतला. पहिल्या पानावर एक अनुस्वार दिला. दुसऱ्या पानावर, बाबांच्या तीनदा ओढण्यापाशी, ती थांबली. बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

"तुझ्या बाबाने सांगितलं का कधी, ही सवय कुठून लागली ते?"

"नाही."

"नाहीच सांगायचा तो." तिने चष्मा काढला. "मी आठ वर्षांची असताना दाराला कुलूप लावायचं विसरले होते. किल्ली माझ्याकडे होती. घर साफ झालं. आणि मार खाल्ला त्याने, मीच विसरलो म्हणून."

मी काही बोलले नाही. तिने निबंध माझ्याकडे सरकवला. त्यावर ना शेरा होता, ना 'हं'.

"हे त्यात घालू का?" मी विचारलं.

"घाल," ती म्हणाली. "पण आधी त्याला विचार. आणि माझं नाव नको."